बिलाचं मशीन कुणाचं?

जळगावकरांना ‘फ्रँचायझी’ हा शब्द पिझ्झाच्या दुकानाने शिकवला असं कुणाला वाटत असेल, तर तसं नाही. तो घराघरांत पोचवला लाइटबिलाने. नोव्हेंबर २०११ मध्ये महावितरणने जळगाव शहर आणि लगतच्या काही भागात वीज वाटायचं आणि बिलं वसूल करायचं काम क्रॉम्प्टन ग्रीव्हज या खाजगी कंपनीकडे दिलं. करार पंधरा वर्षांचा होता. ऑगस्ट २०१५ मध्ये तो संपला आणि कारभार परत महावितरणकडे आला. म्हणजे पंधरा वर्षांचं लग्न चार वर्षंसुद्धा टिकलं नाही. असंच तेव्हाच्या औरंगाबादेत २०१४ मध्ये झालं, नागपुरात २०१९ मध्ये झालं.

चूक कुणाची, हा माझा आजचा विषय नाही. विकांताला डोक्यात फिरत होता तो वेगळाच प्रश्न. वीज कायदा २००३ प्रमाणे फ्रँचायझी म्हणजे परवानाधारकाच्या वतीने एखाद्या भागात वीज वाटणारा. परवाना महावितरणचा, ग्राहकही महावितरणचाच. त्यामुळे करार मोडला त्या दिवशी लाखभर घरांचे ग्राहक क्रमांक, रीडिंग, थकबाकी, हे सगळं कुणाचं आहे याबद्दल निदान कायद्याने तरी गोंधळ नव्हता. दुकान बंद झालं, पण वही कुणाची ते ठरलेलं होतं.

आता जळगावच्या किंवा धुळ्याच्या कुठल्याही मोठ्या रस्त्यावरून एक चक्कर मारा. अमृततुल्य चहा, वडापाव, पिझ्झा, आइस्क्रीम, चष्मे, कुरिअर, लहान मुलांची शाळा. दर चार दुकानांमागे एखादी पाटी पुण्या-मुंबईच्या नाहीतर अमेरिकेच्या नावाची. त्या पाटीमागे बसलेला माणूस मात्र आपलाच असतो. कुणी वडिलांच्या निवृत्तीचे पैसे घातलेत, कुणी चाळीसगावकडची दोन एकर विकलीत, कुणी बँकेचं कर्ज काढलंय. त्याला विचारा, ‘हे बिलाचं मशीन कुणाचं? त्यातला हिशेब कुणाचा?’ दहापैकी आठ जण तुमच्याकडे बघत राहतील.

तर सांगायचा मुद्दा हा की, आम्हा आयटीवाल्यांना हल्ली हा प्रश्न फार विचारला जातो, पण चुकीच्या टोकाने. ‘भाऊ, तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस ना? आम्ही दुकानांची साखळी काढतोय. स्वतःचं अ‍ॅप बनवावं की तयार घ्यावं?’ आमच्या हिंजवडीत या प्रश्नाचं एक पाठ केलेलं उत्तर असतं : जे तुम्हाला इतरांपेक्षा वेगळं करतं ते स्वतः बनवा, बाकी सगळं विकत घ्या. उत्तर बरोबरच आहे. पण फ्रँचायझीच्या धंद्यात ते अर्धं आहे. साध्या कंपनीत निवडणारा, पैसे भरणारा आणि त्रास सोसणारा एकच असतो. इथे मशीन निवडते पुण्यातली मूळ कंपनी, दरमहा पैसे भरतो धुळ्यातला दुकानदार, आणि ते बंद पडलं की ताटकळतं गिऱ्हाईक. तीन वेगळी माणसं आहेत हे विसरून केलेला कुठलाही हिशेब चुकतो.

आधी अर्ध्या उत्तराकडे बघू, कारण लोक त्यातसुद्धा गडबड करतात.

बिल छापणं, स्टॉक, जीएसटी, हिशेब या गोष्टी स्वतः बनवू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. कारण त्या अवघड आहेत असं नाही. कारण त्या सारख्या बदलतात आणि बदल तुमच्या सोयीने होत नाहीत. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. ई-इन्व्हॉइसची सक्ती ऑक्टोबर २०२० मध्ये पाचशे कोटींवरच्या उलाढालीला होती, ती उतरत उतरत ऑगस्ट २०२३ मध्ये पाच कोटींपर्यंत आली. आणि परवाचं ताजं उदाहरण म्हणजे सप्टेंबर २०२५. तीन तारखेला नवे दर जाहीर झाले आणि बावीसला लागू. पाकीटबंद फरसाण-नमकीन बारा टक्क्यांवरून पाचवर आलं. मधे एकोणीस दिवस. ज्याने तयार बिलिंग घेतलं होतं त्याला कंपनीने अपडेट पाठवला. ज्याने भाच्याच्या मित्राकडून स्वस्तात ‘आपलं स्वतःचं’ सॉफ्टवेअर करून घेतलं होतं, त्याला आधी तो मित्र शोधायला लागतो. तो बहुतेक वेळा बंगलोरला नोकरीला लागलेला असतो.

जळगावच्या सराफ बाजारात तर हे अजून सोपं कळेल. जून २०२१ मध्ये हॉलमार्किंग सक्तीचं व्हायला सुरुवात झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरी एचयूआयडी क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकायला बंदी आली. म्हणजे आता नुसतं वजन, कॅरेट आणि घडणावळ लिहून भागत नाही; प्रत्येक नगाला ओळख आहे आणि ती स्टॉकात ठेवावी लागते. सोन्याची पारख ही त्या सराफाची पिढीजात विद्या आहे. एचयूआयडीचा रकाना कुठे टाकायचा, ही नाही. ती विकत घ्यावी. टॅली १९८६ पासून हेच तर विकत आलंय. लाखो दुकानांचा सारखाच त्रास एका ठिकाणी सोडवायचा आणि खर्च सगळ्यांवर वाटून टाकायचा.

आकडे मांडूनच बघा. समजा एका साखळीची चाळीस दुकानं आहेत आणि तयार बिलिंगला दुकानामागे महिना हजार रुपये पडतात. वर्षाचे झाले चार लाख ऐंशी हजार. एवढ्या पैशात पुण्यात एक बरा अनुभवी इंजिनिअर वर्षभर मिळणार नाही. आणि एकाने भागतही नाही, कारण रविवारी संध्याकाळी, ऐन गर्दीत बिल अडकलं की फोन उचलायला कुणीतरी लागतं. हीच दुकानं चारशे झाली तर आकडा अठ्ठेचाळीस लाखांवर जातो. तेव्हा पुन्हा बसून विचार करायला हरकत नाही. पण आमच्याकडे पाचव्या दुकानाच्या उद्घाटनालाच मालक अ‍ॅपची घोषणा करतो, त्याला काय म्हणावं? नारळाबरोबर अ‍ॅपही फोडायची पद्धत पडलीय.

आणि मोठ्यांचं सगळं नीट होतं असंही समजू नका. मॅकडोनाल्ड्सने ‘इनोव्हेट’ नावाचा प्रकल्प काढला होता. जगभरातली सगळी दुकानं एका जाळ्यात आणायची, भट्टीचं तापमानसुद्धा मुख्य कार्यालयात दिसलं पाहिजे, असा थाट. अब्जभर डॉलर लागणार होते. २००२ च्या अखेरीस प्रकल्प गुंडाळला आणि सुमारे १७ कोटी डॉलर बुडीत खात्यात टाकले. त्यांना ते परवडलं. अमळनेरच्या शेवभाजीवाल्याला सतरा लाखसुद्धा परवडणार नाहीत.

मग बनवायचं काहीच नाही का? आहे ना. डॉमिनोजने अमेरिकेत ‘पल्स’ नावाची स्वतःची यंत्रणा बनवली. कारण त्यांचा धंदा पिझ्झा भाजण्याचा जितका, तितकाच तो वेळेत दारात पोचवण्याचा. ऑर्डर कुठून आली, ओव्हनमध्ये कधी गेली, पोऱ्या कधी निघाला, ही त्यांची खरी विद्या. ती त्यांनी दुसऱ्याच्या हातात दिली नाही, हे योग्यच झालं.

आपल्याकडे याला समांतर काय? समजा कुणी खानदेशी जेवणाची साखळी काढली. शेवभाजी, भरीत, कळण्याची भाकरी. मसाला जळगावात एका ठिकाणी बनतो आणि रोज पहाटे धुळे, भुसावळ, अमळनेर, चोपड्याला गाडीने जातो. कुठे किती पाठवायचा? हिवाळ्यात भरताची वांगी आली की मागणी वेगळी, लग्नसराईत वेगळी, आठवडे बाजाराच्या दिवशी वेगळी, श्रावणात वेगळी. केळीला भाव चांगला मिळाला तर रावेर-यावलकडच्या दुकानात शनिवारी टेबल मिळत नाही. धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर असे दोन महामार्ग भेटतात, तिथल्या दुकानाचं अर्धं गिऱ्हाईक गावचं नसतंच. हे कुठल्याही तयार सॉफ्टवेअरला माहीत नाही. हे गोडाऊनवर बसणाऱ्या एखाद्या काकांना माहीत असतं, आणि काका रिटायर झाले की जातं. बनवायचं असेल तर हे बनवा. आणि सुरुवात अ‍ॅपने करू नका, साध्या एक्सेलच्या शीटने करा. वर्षभर ती शीट रोज भरली गेली आणि तिच्यामुळे फेकून द्यावा लागणारा माल कमी झाला, तर मग इंजिनिअर शोधा. नाही भरली गेली, तर तुमचे काही लाख वाचले.

इथपर्यंत सगळे माना डोलावतात. आता उरलेलं अर्धं उत्तर.

डॉमिनोजच्या त्याच ‘पल्स’वरून मिनेसोटातले काही फ्रँचायझी दुकानदार कोर्टात गेले होते. त्यांचं म्हणणं असं की, करारानुसार कंपनीने फक्त संगणक कसा हवा ते सांगावं. तसा संगणक आम्ही कुठूनही घेऊ. अमुकच घ्या अशी सक्ती कशी? खालच्या कोर्टाने त्यांचं ऐकलं. अपिलात २००८ मध्ये निकाल डॉमिनोजच्या बाजूने फिरला. म्हणजे बघा, तंत्र उत्तम होतं, बनवायचा निर्णयही बरोबर होता, तरी ज्याला पैसे भरायचे होते तो कोर्टाची पायरी चढला. कारण त्याला विचारलंच नव्हतं.

दुसरा किस्सा मॅकडोनाल्ड्सच्या आइस्क्रीम मशीनचा. ते मशीन सतत बंद पडायचं आणि स्क्रीनवर न कळणारे कोड दाखवायचं. ‘किच’ नावाच्या एका छोट्या कंपनीने २०१९ मध्ये एक डबी आणली. ती मशीनला जोडली की नेमकं काय बिघडलंय ते दुकानदाराला फोनवर साध्या भाषेत दिसायचं. २०२० मध्ये मॅकडोनाल्ड्सने आपल्या दुकानदारांना कळवलं की ही डबी काढून टाका. मशीन दुकानदाराने स्वतःच्या पैशाने घेतलेलं, पण त्याच्या पोटात काय चाललंय ते बघायची त्याला चोरी! शेवटी ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने दुकानातल्या अशा खाद्ययंत्रांची कुलपं दुरुस्तीसाठी तोडायला सूट दिली.

हे सगळं तिकडचं झालं. इकडे धुळ्यात माझा कॉलेजातला एक मित्र एका चहाच्या साखळीचं दुकान चालवतो. साखळीचं नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही. कंपनीचं स्वतःचं अ‍ॅप आहे, तेच वापरायचं, महिन्याचे पैसे वेगळे. ते इंटरनेटशिवाय चालत नाही. रस्ता खणताना केबल तुटली की बिल बंद. ‘भाऊ, चहा उकळतोय, गिऱ्हाईक उभं आहे आणि ते चाक आपलं गोल गोल फिरतंय,’ तो सांगत होता. मग तो शाळेच्या वहीत लिहितो आणि रात्री बायको-नवरा दोघं बसून ते सगळं मशीनमध्ये भरतात. हे पुण्यात बनवणाऱ्याला कळलं नाही, कारण त्याच्या ऑफिसात दोन-दोन लाइनी असतात. पण माझ्या मित्राची खरी धास्ती वेगळीच आहे. त्याचा करार पुढच्या वर्षी संपतोय. चार वर्षांत त्याने रोजची गिऱ्हाइकं जोडली. कुठल्या ऑफिसात किती वाजता किती कटिंग जातात, कुणाची उधारी किती, हे सगळं त्या अ‍ॅपमध्ये आहे. करार वाढला नाही तर पासवर्ड बंद. त्याच्या हातात राहणार ती वही, तीही फक्त केबल तुटलेल्या दिवसांची.

महावितरणच्या गोष्टीत ग्राहक कुणाचा ते कायद्यात लिहिलेलं होतं. चहाच्या दुकानात कुठेच लिहिलेलं नाही. अमेरिकेत फ्रँचायझी विकणाऱ्याला सही घ्यायच्या किमान चौदा दिवस आधी एक जाडजूड माहितीपत्र द्यावं लागतं. संगणक यंत्रणा कोणती, तिचा आणि देखभालीचा खर्च किती, तुमच्या यंत्रणेतला डेटा कंपनी परस्पर बघू शकते का, हे सगळं त्यात लिहावं लागतं. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी असा वेगळा कायदाच नाही. १८७२ चा करार कायदा आणि तुम्ही सही केलेला कागद, एवढंच. त्यामुळे जे कागदावर नाही ते तुमचं नाही.

इथे मूळ कंपनीची बाजू न सांगणं अन्यायाचं होईल. त्यांचं म्हणणं असतं की, दुकानदाराला मोकळं सोडलं तर तो विक्री लपवतो. रॉयल्टी विक्रीवर असते, म्हणजे निम्मी बिलं फाडलीच जात नाहीत. चहा एका चवीचा हवा तसा हिशेबही एका चवीचा हवा. हे खोटं नाही. खानदेशातला व्यापारी धुतल्या तांदळासारखा आहे असं मीही म्हणणार नाही :) पण विक्री बघायला मिळणं वेगळं आणि सगळी वही ताब्यात असणं वेगळं. कंपनीने रोजच्या विक्रीचे आकडे आपोआप येतील अशी व्यवस्था करावी, ती तपासावी, जरूर दंड करावा. त्यासाठी एकच मशीन गळ्यात बांधायची गरज नसते. बाजारातली दोन-तीन तयार बिलिंग सॉफ्टवेअर्स निवडावीत, ‘यातलं कुठलंही घ्या, आकडे आम्हाला या नमुन्यात पाठवा’ म्हणावं. स्पर्धा राहते, भावही आटोक्यात राहतो.

शिवाय आता कंपन्यांनाही सगळा डेटा आपल्याकडे ओढून घेणं पूर्वीइतकं सोयीचं राहणार नाही. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू व्हायचे आहेत. दहा रुपयांच्या चहासाठी मोबाइल नंबर मागून ठेवला की तो सांभाळायची जबाबदारीही येते. ती कुणाची, कंपनीची की दुकानदाराची? हेही आजच लिहून ठेवलेलं बरं.

म्हणून माझं मत असं की, ‘बनवायचं की विकत घ्यायचं’ हा फ्रँचायझीत दुसऱ्या नंबरचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न : वेगळं व्हायची वेळ आली तर कोण काय घेऊन जाणार? त्याचं उत्तर आधी ठरवलं तर दुसऱ्याचं आपोआप सोपं होतं. दुकानदाराला त्याचा हिशेब हवा तेव्हा एक्सेलमध्ये काढून देता येत नसेल, तर ते तंत्र घरचं असो की बाजारातलं, ते घेऊ नये.

तुमच्या ओळखीतलं कुणी, मामा, मेहुणा, शाळेतला मित्र, असा कागद सही करायला निघाला असेल तर आतलं सजावटीचं चित्र आणि ‘अठरा महिन्यांत पैसे वसूल’चा तक्ता जरा बाजूला ठेवा आणि त्याला एवढंच विचारायला सांगा. एक, इंटरनेट गेलं तर बिल निघतं का? दोन, मशीनचा महिन्याचा खर्च किती, आणि तो वर्षाला किती वाढवता येईल याला काही मर्यादा आहे का? तीन, माझा हिशेब आणि माझी उधारी मला कधीही काढून घेता येईल का? चार, करार संपल्यावर किती दिवस मला आत शिरता येईल? आणि पाच, कंपनीच बुडाली किंवा विकली गेली तर मशीन चालू राहील का?

उत्तरं तोंडी मिळाली तर ती कागदावर मागा. समोरचा माणूस ‘अहो, असं कधी होत नाही’ म्हणाला, तर त्याला सांगा, जळगावात पंधरा वर्षांचा करार चार वर्षांच्या आत संपला होता, आणि तो तर सरकारी कंपनीशी केलेला होता.